झाड वाऱ्याने पडलं, की आपण पाडलं?

पावसाळ्याच्या तोंडावर पहिलं वादळी वारं सुटलं की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात एक बातमी ठरलेली असते. झाड उन्मळून पडलं, खाली उभ्या असलेल्या दोन गाड्या चेपल्या, वाहतूक काही तास खोळंबली. विलेपार्ल्यात ही बातमी कुणाला नवी नाही. अग्निशमन दलाची माणसं करवती घेऊन येतात, ओंडके फुटपाथच्या कडेला रचले जातात, संध्याकाळपर्यंत रस्ता मोकळा होतो. कारणाच्या रकान्यात पूर्वी ‘सोसाट्याचा वारा’ असायचा, आता त्याच्या जागी ‘हवामान बदल’ हा भारदस्त शब्द येऊ लागला आहे. करवत चालायच्या आधी अशा झाडाचा बुंधा जिथे जमिनीतून उपटून आलेला असतो, तिकडे जरा निरखून पाहावं. एवढ्या मोठ्या झाडाच्या मुळांचा पसारा कितीतरी दूरवर असायला हवा. तिथे पुष्कळदा दिसते ती कुंडीतून उपटलेल्या रोपासारखी आखूड, गोल गड्डी. एका बाजूची मुळं पेव्हर ब्लॉकच्या रेषेत सरळ कापलेली, दुसऱ्या बाजूची केबलच्या चरात तुटून काळी पडलेली. वारा खरा होता आणि हवामान बदललं आहे, हेही खरं. पण तोच वारा शेजारच्या वाडीतल्या, मातीत उभ्या असलेल्या आंब्याच्या फक्त काटक्या पाडून गेलेला असतो. हवामान बदलाचा घाव सगळ्या सजीवांवर सारखा बसत नाही, आधीच कमकुवत केलेल्यांवर तो आधी बसतो. त्यांना कमकुवत करण्याचं काम मात्र इथेच, आपल्या हातून होतं.

हवामान बदललं आहे हे समजायला पार्लेकरांना दूर जावं लागत नाही. मुंबईच्या उपनगरांचं तापमान आणि पाऊस मोजणारी सांताक्रूझची वेधशाळा हाकेच्या अंतरावर आहे. तिच्या नोंदींत 26 जुलै 2005 चा तो चोवीस तासांतला 944 मिलिमीटर पाऊस आहे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांची इथली सरासरी सुमारे 2,300 मिलिमीटर आहे, म्हणजे त्या एका दिवसात चार महिन्यांच्या पावसातला चाळीस टक्के वाटा पडून गेला. मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा याच वेधशाळेने एका दिवसात 230 मिलिमीटर पाऊस नोंदवला, तोही मे महिन्यात! पावसाच्या तारखांचं तर विचारूच नका. मुंबईत मोसमी पाऊस दाखल होण्याची सर्वसाधारण तारीख 11 जून. 2023 मध्ये तो 25 जूनला आला आणि 2025 मध्ये 26 मे रोजीच दारात उभा राहिला. दोन वर्षांत एका महिन्याचा फरक पडला. परतीच्या पावसाची मुंबईतली सर्वसाधारण तारीख हवामान खात्याने 2020 मध्ये 29 सप्टेंबरवरून 8 ऑक्टोबरवर नेली, ती उगाच नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 2021 मध्ये दाखवून दिलं की अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या अलीकडच्या दोन दशकांत आधीच्या काळाच्या तुलनेत 52 टक्क्यांनी वाढली आहे. बंगालच्या उपसागराची वादळं आपण बातम्यांत पाहायचो. आता आपल्या बाजूचा समुद्रही तापला आहे.

माणूस या सगळ्याशी छत्री, पंप आणि सुट्टी जाहीर करून जुळवून घेतो. झाडापाखरांना तशी सोय नाही. त्यांचं जगणं वेळापत्रकावर चालतं आणि हे वेळापत्रक हजारो वर्षांच्या ऋतूंनी लिहिलेलं आहे. आपल्याकडे कावळ्याने घरटं कुठे बांधलं यावरून पावसाचा अंदाज बांधायची जुनी रीत होती. अंदाज खरा ठरत असो वा नसो, त्यामागचं निरीक्षण पक्कं होतं: कावळ्याची वीण पावसाळ्याच्या तोंडावर येते. एप्रिल-मे महिन्यांत काटक्यांच्या, आणि आता मुंबईत तारांच्याही, घरट्यात अंडी असतात. त्याच घरट्यात कोकिळा आपलं अंडं टाकते, म्हणजे कावळ्याची वेळ चुकली की तिचीही चुकली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस येणार, या हिशेबाने वाढणारी पिल्लं मेच्या शेवटच्या आठवड्यातल्या वादळात सापडली तर त्यांना कुठला हिशेब लावायचा? त्यातच पालिकेची पावसाळापूर्व छाटणीही नेमकी याच दिवसांत चालते. फांदी जाते तेव्हा तिच्यावरचं घरटंही जातं. गंमत अशी की ही छाटणी साधारण मेअखेरपर्यंत उरकायची असते आणि 2021 चं वादळ 17 मे रोजी आलं, 2025 चा पाऊस 26 मे रोजी. आभाळ बदललं तरी कार्यालयाचं कॅलेंडर अजून जुनंच आहे. काही जीव दिवसाच्या लांबीवरून ऋतू ओळखतात, काही तापमानावरून, काही पहिल्या सरीवरून. दिवसाची लांबी बदललेली नाही, बाकी दोन्ही बदलल्या आहेत. त्यामुळे फूल, त्यावर येणारा कीटक आणि तो कीटक पिल्लांना भरवणारा पक्षी या तिघांची गाठ पडेलच, याची शाश्वती राहत नाही. परिसंस्था मोडते ती बहुतेक वेळा अशी, कुणी न मारता, नुसती चुकामूक होऊन.

उपनगरांतल्या पर्जन्यवृक्षांची कथा या दृष्टीने फार बोलकी आहे. हा वृक्ष मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. ब्रिटिशांच्या काळात तो सावलीसाठी रस्तोरस्ती लावला गेला आणि त्याने ती सावली अक्षरशः भरभरून दिली. संध्याकाळ झाली किंवा आभाळ भरून आलं की याची पानं जोडीजोडीने मिटतात. पसरट छत्रीखाली रिक्षास्टँड, भाजीवाले, शाळा सुटण्याची वाट पाहणारे आजी-आजोबा असे सगळे मावतात. गेल्या दशकात घाटकोपर-चेंबूरच्या बाजूला हेच वृक्ष एकामागून एक सुकू लागले. कोवळ्या डहाळ्यांवर आणि पानांच्या देठांशी पांढरा, पीठ भुरभुरल्यासारखा थर दिसू लागला. हा पिठ्या ढेकूण. कापूस, सीताफळ, द्राक्षं यांच्या बागायतदारांना तो चांगला परिचयाचा आहे, शहराला मात्र त्याचं नावही ठाऊक नव्हतं. तो डहाळीत सोंड खुपसून रस शोषत राहतो आणि गोड चिकट द्रव टाकतो. त्या गोडाला मुंग्या येतात आणि गोड मिळत राहावं म्हणून ढेकणांची राखणही करतात. चिकटलेल्या द्रवावर काळी बुरशी चढते, पानाला ऊन मिळत नाही, पान गळतं. मग ऐन श्रावणात, आजूबाजूचं सगळं हिरवंगार असताना, हे झाड होळीच्या लाकडासारखं उभं दिसतं. शेतकऱ्यांना या किडीचं एक मर्म माहीत असतं: कोरडी, उष्ण हवा तिला मानवते आणि पावसाचे सपकारे तिला धुऊन काढतात. म्हणजे पावसात मोठे खंड पडले आणि उन्हाळा लांबला, तर कीड वाढायला मोकळीक मिळाली. इथपर्यंत दोष हवामानाचा. पण निरोगी, भरपूर पाणी मिळणारं झाड थोड्याफार किडीला दाद देत नाही. तहानलेल्या झाडाला मात्र ती संपवते. हे वृक्ष तहानलेले होते, आणि तेही दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या शहरात.

झाडाची मुळं खोल पाताळात जातात हा आपला एक गोड गैरसमज आहे. पाणी आणि अन्न शोषणारी बहुतेक बारीक मुळं जमिनीच्या वरच्या दोनेक फुटांत असतात आणि आडवी पसरतात, अनेकदा फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे. त्यांना पाणी लागतं तशी हवाही लागते. बुंध्याला चिकटून काँक्रीट ओतलं की दोन्ही बंद. पाऊस काँक्रीटवरून गटारात, गटारातून नाल्यात, नाल्यातून खाडीत जातो. झाडाच्या पायथ्याशी पडलेला थेंब त्याच्या मुळाला भेटतच नाही. फुटपाथखाली गॅसची नळी, विजेची केबल, फायबर यांसाठी चर खणताना जी मुळं तुटतात त्यांचा हिशेब कुणी ठेवत नाही. झाड लगेच पडलं तर निदान कारण तरी कळलं असतं, पण ते दोन-तीन पावसाळे तग धरतं, आणि तोवर चर बुजवणारा कंत्राटदारही कुठल्या कुठे गेलेला असतो. आपल्या गावांत वडापिंपळाला पार बांधायचे. वरून फरसबंदी असली तरी मधे माती मोकळी असायची, सकाळी घातलेला पाण्याचा तांब्या तिथे जिरायचा. बागाईतदार आणि वाडीवाला तर झाडाला आळं करतोच. आळं म्हणजे बुंध्याभोवती माती उकरून केलेला उथळ वाडगा, ज्यात पाणी थांबतं आणि मुरतं. शहराच्या शब्दकोशातून हा शब्दच गेला आहे. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं, तेव्हा त्याने प्रत्यक्षात आळंच मागितलं होतं. मुंबईतही काँक्रीट फोडण्याच्या मोहिमा अधूनमधून निघतात. पुढच्या रस्तादुरुस्तीत त्यातली किती आळी टिकतात, ते फुटपाथवर खाली पाहून चालणाऱ्या कुणालाही दिसेल.

इथे एक आक्षेप रास्त आहे आणि तो टाळून चालणार नाही. पर्जन्यवृक्ष परदेशी, गुलमोहर मादागास्करचा, सोनमोहरही बाहेरचाच. ही झाडं ठिसूळ असतात, आपल्या पाखरांना त्यांचा फारसा उपयोग नसतो, ती गेली तर बिघडलं काय, त्या जागी देशी झाडं लावा, असं म्हणणारे वनस्पतिप्रेमीच आहेत. गुलमोहराची फांदी पावसात मोडते हे खरं. एकाच जातीची रांगच्या रांग लावण्यात चूक झाली हेही खरं, कारण त्यामुळेच एका झाडावरची कीड सबंध रस्त्याला लागली. यापुढे करंज, कदंब, ताम्हण, बकुळ, उंबर अशी मिश्र लागवड व्हावी याबद्दल दुमत नसावं. पण शंभर वर्षांपूर्वी आलेल्या पाहुण्याभोवती आता घारींनी, कावळ्यांनी, बगळ्यांनी, खारींनी, बांडगुळांनी आणि असंख्य किड्यांनी संसार थाटला आहे. तो एका उन्हाळ्यात उठवला तर त्यांनी जायचं कुठे? आज लावलेल्या बकुळीला तेवढी सावली धरायला वीस-पंचवीस वर्षं लागतील. शिवाय खाली माती नसेल तर देशी झाडही पडतंच. वडाची मुळं तोडली तर तो केवळ स्वदेशी आहे म्हणून उभा राहत नाही.

दुसरा आक्षेप अधिक मोहक आहे. निसर्ग जुळवून घेतो, तुम्ही उगाच घाबरवता, असं म्हणताना ठाणे खाडीतल्या रोहित पक्ष्यांचा दाखला दिला जातो. मुंबईची लोकसंख्या वाढली, खाडीचं प्रदूषण वाढलं, तरी हे गुलाबी पक्षी हजारोंनी येतात की! येतात, हे खरंच आहे. 2015 मध्ये तिथे अभयारण्य जाहीर झालं, 2022 मध्ये खाडीला रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला. पण ते का येतात हेही पाहायला हवं. लहान रोहित ज्या नील-हरित शेवाळावर जगतो ते सांडपाण्यातल्या पोषकद्रव्यांवर माजतं. म्हणजे खाडी निरोगी असल्याची ही खूण नव्हे, तिथे एका विशिष्ट जिवाच्या सोयीचा आजार झाला आहे, एवढंच. बिघडलेल्या परिसंस्थेत कुणीच जगत नाही असं कधीच नसतं. काही मोजके जीव माजतात आणि बाकीचे गुपचूप निघून जातात. काचेच्या इमारतींच्या कपाऱ्यांवर पारवे वाढले, अंगणं आणि कौलारू वळचणी गेल्यावर चिमण्या हटल्या. आणि जुळवून घेतलेल्यांनाही शहर केव्हा दगा देईल याचा नेम नाही. 20 मे 2024 च्या रात्री घाटकोपरवर रोहितांचा थवा उतरत्या प्रवासी विमानाला धडकला आणि तिथल्या गल्ल्यांतून तीसहून अधिक मेलेले पक्षी गोळा करावे लागले. ते विमान ज्या विमानतळावर उतरलं, त्याच्या कुंपणाला पार्ले लागून आहे.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. पालिकेने 2023 मध्ये सुमारे 400 किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रिटीकरणाची सहा हजार कोटींची कामं दिली, नंतर दुसरा टप्पा आला. खड्ड्यांनी माणसं मरतात, तेव्हा तुम्हाला रस्ते हवेत की झाडं? हा प्रश्नच चुकीचा मांडलेला आहे. गाड्या धावतात तो पट्टा काँक्रीटचा असावा, त्याला कुणाची हरकत नाही. झाड त्या पट्ट्यात उभं नसतं, ते कडेला असतं, आणि कडेला एक मीटर लांब, एक मीटर रुंद माती मोकळी ठेवली तर रस्त्याला कुठेही खड्डा पडत नाही. उलट तेवढंच पाणी जमिनीत जिरतं आणि नाल्यावरचा ताण हलका होतो. झाडं पडून माणसं मरतात, म्हणून धोकादायक झाडं वेळीच काढा, हेही पटण्यासारखं आहे. फक्त धोका कशावरून ठरवायचा? सध्या तो फांदीवरून ठरतो. फांदी विजेच्या तारेला लागली, खिडकीत आली, बाल्कनीतलं ऊन अडलं की छाटा. आणि छाटायची तीही जिकडून तक्रार आली त्याच बाजूने. एका बाजूने बोडका केलेला वृक्ष दुसऱ्या बाजूच्या भाराने कलतो आणि भिजून सैल झालेल्या मातीत तोच सर्वांत आधी आडवा होतो. धोका मुळाशी असतो आणि तपासणी शेंड्याची होते, हा आपल्याकडचा जुनाच रिवाज आहे.

पार्ल्याचं वैशिष्ट्य असं की इथली हिरवळ प्रामुख्याने रस्त्यांवर नव्हतीच, ती वाड्यांत आणि बंगल्यांच्या आवारांत होती. आंबा, फणस, नारळ, जांभूळ, परसातला शेवगा. आता त्या आवारांत पुनर्विकास आला आहे. त्याला नावं ठेवणं सोपं आहे, पण पन्नास वर्षांच्या गळक्या इमारतीत राहणाऱ्यांनी तो करू नये असं कुणी म्हणू शकत नाही. दुःख इतकंच की नव्या नकाशात आवाराखाली कुंपणापासून कुंपणापर्यंत वाहनतळ असतो. वर हिरवळ दाखवायची म्हणून स्लॅबवर दोन फूट माती टाकून पाम लावले जातात. पामला सावली नसते, पक्ष्यांना तो फारसा कामाचा नसतो, माळीबुवांना मात्र पानगळीचा त्रास देत नाही. जुनी झाडं ‘पुनर्रोपित’ होतात. हा शब्द कागदावर फार गोंडस दिसतो. मेट्रोच्या कामांत अशी हलवलेली झाडं मोठ्या संख्येने जगली नाहीत, हे जगजाहीर आहे. पालिकेच्या 2018 मध्ये हाती आलेल्या गणनेत मुंबईत सुमारे 29.75 लाख झाडं मोजली गेली. त्यांतली रस्त्याच्या कडेची फक्त 1.85 लाखांच्या आसपास. खासगी आवारांतली जवळपास 15.6 लाख, म्हणजे निम्म्याहून जास्त. झाडांविषयीचा राग आपण के-पूर्व आणि के-पश्चिम विभाग कार्यालयांवर काढतो आणि तो पुष्कळदा योग्यही असतो. पण या शहरातली निम्म्याहून जास्त झाडं पालिकेच्या नव्हे, सोसायट्यांसारख्या खासगी आवारांच्या ताब्यात आहेत. 1975 चा झाडांच्या संरक्षणाचा राज्याचा कायदा आणि 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना मिळालेला वारसा वृक्षाचा दर्जा, हे दोन्ही कुऱ्हाड अडवू शकतात. पेव्हर ब्लॉक अडवायला तिथे कुणी येत नाही. कायद्याच्या दृष्टीने ते झाड अजून उभंच असतं.

जगाचं तापमान किती वाढू द्यायचं हे पार्ल्याच्या हातात नाही. मुंबईने मार्च 2022 मध्ये हवामान कृती आराखडा प्रसिद्ध केला. त्यातलं कार्बन उत्सर्जन शून्यावर आणण्याचं लक्ष्य 2050 चं आहे. तोपर्यंत अनेक 26 मे आणि अनेक 25 जून येतील, वादळंही येतील. तेवढ्या काळात कुठलं झाड टिकेल आणि त्याच्यावरचं कुठलं घरटं टिकेल, हे बऱ्याच अंशी त्या झाडाच्या पायथ्याशी माती आहे की फरशी यावर ठरणार आहे. काँक्रीट फोडून एक मीटरचं आळं करायला एका झाडामागे दोन मजुरांचं काही तासांचं काम पुरतं. जिथे मूळ वर आलं असेल तिथे ते न तोडता फरशी वळवून घ्यावी लागते, आणि आळ्यात कचरा किंवा रंगाचं पाणी टाकू नये हे सुरक्षारक्षकाला बजावावं लागतं. सहकारी गृहनिर्माण संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. बहुतेक सोसायट्यांच्या विषयपत्रिकेत आवारातल्या फरसबंदीचा विषय यंदाही असेल. त्याच्याखाली आणखी एक ओळ घालून घ्या: आवारातल्या प्रत्येक झाडाला आळं.